गळ्याचा ताणा-बाणा : उस्ताद अब्दुल करीम खाँ

गेल्या नाताळात माझा आवाज गेला. अगदी मध्यरात्रीच्या मिस्सेत, सगळं देऊळ भरलेलं असताना. स्तोत्राच्या दुसऱ्या कडव्यात एक वरचा सूर होता, नेहमी सहज लागायचा. त्या रात्री तो लागताना मधेच दोन तुकडे झाले आणि पुढच्या ओळीला नुसती हवाच आली. शेजारच्या मुलीने ओळ उचलली म्हणून निभावलं. नवीन वर्ष उजाडेपर्यंत मला घरात मम्मीला हाक मारणंही जमेना झालं.

खरं सांगायचं तर कारण माझंच होतं. सप्टेंबरपासून कॉलेज, संध्याकाळी येळ्ळुरातल्या पोरांची शिकवणी, त्यात ओरडणं आलंच, आणि रात्री क्वायरची तालीम. पाणी कमी, चहा जास्त. घसा बसला की आलं-मध घ्यायचं आणि परत गायचं. घसा म्हणजे कधीच न संपणारी वस्तू आहे असं मी धरून चालले होते.

बेळगावात एका घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दुर्बीण घातली आणि पडद्यावर मला माझाच गळा दाखवला. मित्रमैत्रिणींनो, एकवीस वर्षं ज्यांच्या जिवावर बोलत आले त्या दोन स्वरपट्ट्या मी पहिल्यांदा बघितल्या. पांढुरक्या, ओलसर, उलट्या व्ही अक्षरासारख्या. दोन्हींच्या कडेला, समोरासमोर, एकेक बारीक उंचवटा. कुदळ धरून हाताला घट्टे पडतात तसेच हे, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन नको, पण दोन आठवडे पूर्ण मौन आणि नंतर आवाजाचे व्यायाम. पुन्हा पूर्वीसारखं गाता येईल का, असं मी वहीत लिहून विचारलं. बहुतेक येईल, एवढंच उत्तर मिळालं. त्या 'बहुतेक' शब्दाने मला बरेच दिवस झोप लागली नाही.

त्या मौनाच्या दिवसांत मला खाँसाहेब भेटले. म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ. मराठी मंडळाच्या ई-अंकासाठी कुणातरी थोर व्यक्तीचं चरित्र लिहून द्यायचं ठरलं होतं आणि मी एखाद्या कवीवर लिहिणार होते. पण बोलता येत नव्हतं तेव्हा ऐकणं तेवढं हातात होतं. पप्पांना जुन्या रेकॉर्डी ऐकायचा नाद. एका दुपारी त्यांनी फोनवर झिंझोटीतली एक ठुमरी लावली. तीन मिनिटांची जुनी तबकडी, तव्यावर काहीतरी परतल्यासारखी खरखर आणि त्या खरखरीतून वर आलेला एक बारीक, टोकदार, कुठेही न चिरकणारा आवाज. मी ती ठुमरी त्या दिवशी अकरा वेळा ऐकली. मला राग-बिग कळत नाही. मला एवढंच कळलं की या माणसाला आपला गळा किती ताणायचा हे माहीत होतं. आणि मला ते माहीत नव्हतं.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा, उत्तरेतल्या कैराना गावचा. किराना घराणं हे नाव त्या गावावरूनच आलं. वडील काले खाँ. घर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं होतं, सारंगी त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती. लहान अब्दुल करीम सारंगीही शिकले आणि वीणाही. मला वाटतं, त्यांच्या गाण्याचं मूळ इथेच असावं. सारंगीला पडदे नसतात. सूर कुठे आहे हे बोटाने शोधायचं असतं आणि एक केसभर बोट सरकलं तरी कानाला कळतं. ज्या मुलाने गाण्याआधी हे शोधणं बघितलंय, तो गळ्यातही तसाच शोधणार.

भावाबरोबर गात-गात ते बडोद्याला आले. सयाजीराव गायकवाडांचा तो काळ. दरबारात नोकरी मिळाली, नाव झालं. तिथेच सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्या आयुष्यात आली. ती मराठा सरदाराची मुलगी, हे उत्तरेचे मुसलमान गवई. बडोद्यात राहणं शक्यच नव्हतं. दोघं शहर सोडून निघाले, मुंबईला आले आणि फिरत-फिरत मिरजेला पोचले.

मिरज आपल्याला काही लांब नाही. बेळगाव स्टेशनवर गाडीत बसलं की घटप्रभा, रायबाग, कुडची करत तीन-साडेतीन तासांत मिरज. आमच्या घरी मिरज म्हणजे दवाखान्याचं गाव. वान्लेस या मिशनरी डॉक्टरांनी तिथे १८९४ साली हॉस्पिटल काढलं आणि या सगळ्या भागातली आजारी माणसं तिथे जाऊ लागली. आजोबांच्या पिढीत कुणाला मोठं दुखणं आलं की मिरजेला न्या, हेच ठरलेलं होतं. पण त्याच मिरजेत दुसरीही एक गल्ली आहे, तंतुवाद्यं करणाऱ्यांची. तलवारी-भाल्यांना धार लावणारी शिकलगार घराणी हत्यारांचे दिवस संपल्यावर तंबोरे-सतारी करायला लागली. पंढरपूरकडचे भोपळे आणायचे, वाळवायचे, त्यावर लाकूड बसवायचं, तारा चढवायच्या आणि घोडीवर सुताचा बारीक दोरा सरकवत जवारी काढायची. दोरा तसूभर इकडे-तिकडे झाला तरी तंबोरा गप्प होतो. खाँसाहेबांसारख्या माणसाला राहायला याहून बरं गाव कुठलं मिळणार!

मिरजेत मीरासाहेबांचा दर्गा आहे. खाँसाहेब एकदा फार आजारी पडले, प्लेगचे दिवस होते, आणि दर्ग्यात सेवा केल्यावर बरे झाले, असं लोक सांगतात. ते खरं किती आणि श्रद्धा किती, हे ठरवायला मी बसले नाही. मी स्वतः डॉक्टरांच्या गोळ्या घेत होते आणि रोज संध्याकाळी संत ब्लेझच्या नावाने एक प्रार्थनाही मनात म्हणत होते. घशाच्या दुखण्यासाठी आम्ही त्यालाच हाक मारतो. ३ फेब्रुवारीला दोन मेणबत्त्यांची फुली करून गळ्याला लावतात. त्यामुळे दर्ग्यात गाणाऱ्या माणसाचं मन मला परकं वाटलं नाही. खाँसाहेब पुढे आयुष्यभर तिथल्या उरुसात गात राहिले एवढं मात्र पक्कं.

आता त्यांच्या आयुष्यातला तो भाग, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

सांगलीला कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर राहत होते. त्यांना एका प्रश्नाने पछाडलं होतं. जुन्या ग्रंथांत सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्यात, त्या खरोखर गळ्यातून निघतात का, आणि निघत असतील तर मोजता येतील का? मोजायला दोन गोष्टी हव्या होत्या, एक ताणलेली तार आणि एक अचूक गळा. तार देवलांकडे होती. गळा खाँसाहेबांनी दिला.

पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. समजा छत्तीस इंच तार ताणून बांधली आणि तिचा सूर षड्ज धरला. तिच्या खाली घोडी सरकवत नेली आणि चोवीस इंच तारच वाजू दिली की पंचम मिळतो. षड्जाची सेकंदाला २४० कंपनं धरली तर पंचमाची ३६०. दीडपट. आता गवयाने गंधार लावायचा आणि तारेवरची घोडी त्याच्या सुराशी जुळेपर्यंत सरकवत राहायची. जुळलं की पट्टी लावून इंच मोजायचे. गळ्यातला गोड गंधार षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ३०० कंपनांवर येतो. बाजारच्या हार्मोनियमचा गंधार मात्र ३०२ च्या थोडा वर असतो. फरक दोन-अडीच कंपनांचा. एवढा फरक धरून ठेवणारा गळा असल्याशिवाय हा प्रयोगच होऊ शकत नव्हता.

देवलांचं श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक १९१० साली निघालं. साताऱ्याकडे न्यायाधीश असलेले ई. क्लेमंट्स हे आयसीएस अधिकारी या कामात आले आणि १९१३ साली त्यांनीही भारतीय संगीताच्या अभ्यासावर पुस्तक काढलं. श्रुतींची हार्मोनियमसुद्धा करून घेतली. सगळ्यांना हे पटलं असं नाही. पंडित भातखंड्यांचं मत वेगळं होतं आणि १९१६ साली बडोद्याला संगीत परिषद भरली तिथे यावरून वाद झाला. कोण बरोबर, हे मोठी माणसं अजून बोलतायत. मला त्यातली गंमत वेगळीच वाटली. एक सरकारी अधिकारी, एक इंग्रज न्यायाधीश आणि शाळेत न गेलेल्यात जमा असा एक गवई, तिघं मिळून एका गळ्याचं माप घेतायत, आणि सगळी भिस्त आहे ती त्या गवयावर.

पण एक गोष्ट ते तिघंही मोजू शकत नव्हते. तारेवर मोजला तो गळ्याचा सूर. गळा स्वतः कसा आहे, हे तारेला विचारून कळत नाही.

हे मला समजावलं ते माझ्या स्पीच थेरपीच्या ताईंनी. मौन संपल्यावर त्यांच्याकडे जायला लागले. स्वरपट्ट्या म्हणजे सतारीच्या तारा असं माझ्या डोक्यात होतं. ती समजूत फार जुनी आहे म्हणे. फ्रान्समध्ये फेरँ नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १७४१ साली मेलेल्या प्राण्यांच्या गळ्यातून हवा फुंकून आवाज काढला आणि त्या पट्ट्यांना तारा असं नाव दिलं. तेच नाव आजही सगळे वापरतात. पुढे १८५४ साली मान्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाने दातांच्या डॉक्टरचा बारीक आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने सूर्याचा उजेड आत पाडला आणि गाताना हलणाऱ्या स्वतःच्या स्वरपट्ट्या बघितल्या. त्याचाही आवाज तरुणपणी बिघडला होता, म्हणून त्याने रंगमंच सोडून शिकवायला घेतलं होतं. हे वाचून मला जरा धीर आला.

ताईंनी मला माझीच सुती ओढणी हातात घ्यायला लावली. उभी ओढून बघ म्हणाल्या. ओढली, जरासुद्धा ताणली नाही. मग तिरकी ओढून बघ. तिरकी सहज लांबली. कापड तेच, सूत तेच, पण ओढायची दिशा बदलली की कापडाचा स्वभाव बदलतो. हे मला लगेच समजलं. आमच्या बाजूला वडगाव-खासबाग-शहापूरला घरोघरी माग आहेत, साडीचा ताणा आणि बाणा लहानपणापासून बघितलाय. मागावर ताणा घट्ट बांधून ठेवतात, बाणा त्यातून ये-जा करतो. दोन्हींवरचा ताण सारखा नसतोच.

स्वरपट्टीचंही तसंच. बाई माणसाची स्वरपट्टी जेमतेम दीड सेंटिमीटर, पुरुषाची त्याहून थोडी मोठी. एवढ्याशा जागेत थर आहेत. वर पातळ कातडं, त्याखाली लिबलिबीत थर, त्याखाली चिवट धागे आणि सगळ्यात आत स्नायू. जपानचे डॉक्टर हिरानो यांनी १९७० च्या दशकात हे थर नीट मांडून दाखवले. आत वरचा सैल आणि आतला घट्ट अशी दोन वेगळी अंगं एकत्र काम करतात, हे त्यांनी सांगितलं. त्यातले चिवट धागे बहुतेक सगळे लांबीच्या दिशेने धावतात, मागावरच्या ताण्यासारखे. म्हणून ही पट्टी लांबीला ओढली तर जोराने विरोध करते आणि आडवी ढकलली तर सहज हलते.

आता हे मोजतात कसं? प्रयोगशाळेत मृत माणसाच्या, नाहीतर डुक्कर-गायीच्या गळ्यातल्या पट्टीचा बारीक तुकडा घेतात. तो ओला आणि शरीराएवढा उबदार ठेवतात. दोन चिमट्यांत धरून आधी लांबीच्या दिशेने हळूहळू ओढतात, किती जोर लावल्यावर किती लांबला ते लिहितात. मग तसाच दुसरा तुकडा आडव्या दिशेने ओढतात. दोन्ही आकडे सारखे येत नाहीत. लांबीच्या दिशेचा ताठपणा आडव्यापेक्षा कितीतरी जास्त निघतो. आणि अजून एक, जितकं जास्त ओढाल तितका तो लांबीकडचा ताठपणा आणखी वाढत जातो. तार लांब केली की तिचा सूर खाली येतो, पण आपण वरचा सूर लावतो तेव्हा स्वरपट्टी लांब होते आणि तरीही सूर वरच चढतो. लांबीपेक्षा ताठपणा वेगाने वाढतो म्हणून.

आडवा सैलपणाही तितकाच लागतो. फुप्फुसातली हवा खालून आली की पट्टीचं वरचं कातडं लाटेसारखं हलतं. बायकांच्या नेहमीच्या बोलण्यात सेकंदाला साधारण दोनशे वेळा पट्ट्या एकमेकींवर येऊन मिटतात. तासभर आवाज चालू राहिला तर सात लाख वीस हजार वेळा. मी हा हिशेब वहीत केला आणि वही मिटून ठेवली. शिकवणीला ओरडताना मी त्यांना नुसतं मिटत नव्हते, आपटत होते. आपटून-आपटून मधोमध घट्टे पडले, तिथला सैलपणा गेला, लाट अडली, आणि आवाजाचे दोन तुकडे झाले.

खाँसाहेबांना यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. तरी त्यांची तालीम बघा.

हुबळीजवळ कुंदगोळ आहे. तिथले रामभाऊ, १८८६ सालचा जन्म, खाँसाहेबांकडे शिकायला आले. त्या मुलाला गाण्याचं वेड होतं पण वयात आल्यावर आवाज फुटला तो जाड आणि हट्टी झाला. खाँसाहेबांनी आठ वर्षं शिकायची अट घातली. सुरुवातीची वर्षं मोजकेच राग, तेच-तेच सूर, हळू आणि लांब. मला आधी ही शिक्षा वाटली. आता माझ्या व्यायामाच्या कागदावर बघते तर तेच लिहिलंय, हलका आवाज, एकच सूर, न ओढता, न आपटता, रोज. रामभाऊंचा गळा कधी गोड झाला नाही असं जाणकार म्हणतात, थोडा वेळ गाऊन तापल्यावरच तो ऐकायचा. पण त्याच गळ्याने ते सवाई गंधर्व झाले. गुरूने त्यांना दुसरा गळा दिला नाही. आहे त्या गळ्याला किती ताणायचं आणि कुठे सैल सोडायचं, एवढं दिलं. सवाई गंधर्वांकडून ते गंगूबाई हनगलांकडे गेलं, भीमसेन जोशींकडे गेलं. भीमसेनांनी तर लहानपणी गदगला खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकली आणि गाण्याच्या ओढीने घर सोडलं, ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे.

खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्याला आर्य संगीत विद्यालय काढलं. मुलं तिथेच राहायची, जेवायची, शिकायची. फी घ्यायची नाही, पण मधे सोडून जायचं नाही, असा तो शिरस्ता होता. कार्यक्रमांच्या पैशावर शाळा चालायची, म्हणजे चालायची तेव्हा चालायची. त्यांच्याबरोबर टिपू नावाचा एक कुत्राही असायचा आणि तो सुरात सूर मिळवायचा. त्याला चक्क मंचावर बसवायचे. त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी मराठीत त्यांचं भलंमोठं चरित्र लिहिलंय. त्या काळच्या गवयाचं घर कसं चालायचं हे त्यावरून कळतं.

पण घर टिकलं नाही. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावंसुद्धा बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर झाल्या, सकीनाच्या सरस्वती राणे. तिघंही मोठे गायक झाले, हिराबाईंनी तर बायकांना बैठकीत मानाने गाता येतं हे सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं. वडिलांचं नाव त्यांच्या नावात उरलं नाही, पण गळ्यात उरलं. इथे मी बराच वेळ थांबले. दोन कंपनांचा फरक ओळखणाऱ्या माणसाला घरातला ताण कळला नाही का? की कळूनही सैल सोडता आलं नाही? मला याचं उत्तर नाही. थोरांच्या चरित्रात हा भाग वगळून जायची आपल्याकडे पद्धत आहे, पण वगळला तर ताराबाईंवर अन्याय होईल असं मला वाटतं. पाच मुलं घेऊन ती बाई उभी राहिली आणि तिने त्यांचं गाणं थांबू दिलं नाही.

त्यानंतर खाँसाहेब मिरजेतच राहिले. दक्षिणेकडे त्यांचं जाणं-येणं फार. हुबळी-धारवाड तर होतंच, म्हैसूर दरबारातही त्यांना मान होता, मद्रासलाही ते गायचे. कर्नाटक संगीत त्यांनी मुद्दाम समजून घेतलं, त्यागराजांची कृती रेकॉर्डवर गायली आणि तिकडची सरगम आपल्या ख्यालात आणली. उत्तरेतून आलेला माणूस, संसार मराठी बाईशी, शिष्य कानडी मुलखातले, गळ्यात तेलुगू कृती. आमच्या येळ्ळुरात गावाच्या पाटीवर कुठली अक्षरं असावीत यावरून २०१४ साली काय झालं ते इथल्या वाचकांना सांगायला नको. मी मराठीत लिहिते, मराठीवर प्रेम करते, आमच्या गावचं साहित्य संमेलन मी कधी चुकवत नाही. पण याच भागातून, याच रेल्वेने खाँसाहेब वर्षानुवर्षं ये-जा करत होते आणि कुंदगोळच्या मुलाला शिकवताना त्यांनी त्याची भाषा आड येऊ दिली नाही, हेही मला आता विसरता येत नाही.

ऑक्टोबर १९३७. मद्रासला गाणं करून ते पाँडिचेरीकडे निघाले होते. वाटेत गाडीत छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर शिष्यांबरोबर उतरले. फलाटावर चादर अंथरली, तंबोरा जुळवला, दरबारीच्या सुरांत अल्लाचं नाव घेतलं आणि तिथेच आडवे झाले. तारीख २७ ऑक्टोबर. पासष्ट पुरी व्हायला दोन आठवडे कमी होते. मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याशी त्यांना दफन केलं. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं.

फेब्रुवारीत मी पप्पांबरोबर मिरजेला जाऊन आले. दर्ग्यात जाताना डोक्यावर तीच सुती ओढणी घेतली होती. कबरीपाशी कुणीतरी उदबत्ती लावून गेलं होतं. मला तिथे काहीतरी गुणगुणावंसं फार वाटलं. पण ताईंनी अजून परवानगी दिली नव्हती, म्हणून नुसती उभी राहिले आणि मनातल्या मनात एक प्रभूची प्रार्थना म्हटली. ती तिथे चालत असेल असं मला वाटतं. येताना वाद्यांच्या गल्लीत एक म्हातारबाबा तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. दोरा सरकवायचा, तार छेडायची, मान हलवायची, परत दोरा सरकवायचा. आम्ही अर्धा तास बघत होतो, त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

ईस्टरच्या आधी परत दुर्बीण झाली. एका बाजूचा घट्टा गेलाय, दुसऱ्या बाजूचा बारीक झालाय. गायला हरकत नाही, पण वरची पट्टी सध्या नको. नाताळात माझी ओळ उचललेल्या त्या मुलीला मी स्वतः जाऊन सांगितलं की वरचा भाग आता तिने म्हणायचा. सांगताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी खालच्या ओळीत उभी राहिले. खालचे सूर मी आधी कधी नीट ऐकलेच नव्हते. शिकवणीला आता एक लहानशी घंटा घेतली आहे, पोरांनी दंगा केला की ती वाजवते. पोरं तिलाच जास्त घाबरतात.

आणि रोज सकाळी, मम्मी चहा ठेवते तेव्हा, पंधरा मिनिटं एकच सूर. हलका, लांब. तो कधी चिरकतो, कधी नाही. चिरकला की थांबते, पाणी पिते, आणि परत तिथूनच सुरू करते.